थंडीतला भाजीवाफा : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा शेवट एकाच वाक्याने होतो : ‘कोणते खत घालू?’ आमचे उत्तर बऱ्याच ठिकाणी ‘कोणतेच नको’ असे आहे. का, ते प्रत्येक उत्तरात येईलच.

प्रश्न : धने पेरून पंधरा दिवस झाले. माती रोज ओली ठेवते, तरी कोंब दिसत नाही. त्याच वाफ्यात मेथी मात्र चौथ्या दिवशी वर आली. धनेच खराब निघाले का?

उत्तर : मेथीशी तुलना केली तर धने कायमच आळशी ठरतील. आपण ज्याला एक धना म्हणतो ते खरे तर फळ असते आणि त्यात दोन बिया एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. अख्खा धना पेरला की टरफलातून पाणी आत झिरपायलाच बरेच दिवस जातात. माती पंधरा ते बावीस अंश असेल तर आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. रात्री पारा दहाच्या खाली जात असेल तर तीन आठवडेही लागू शकतात. तेव्हा आणखी आठवडाभर वाट पाहा आणि तोवर वाफा उकरून बघू नका. उकरताना नेमके कोवळे मूळ तुटते.

पुढच्या वेळी धने कापडावर पसरा आणि चपलेच्या तळव्याने किंवा लाटण्याने हलकेच रगडा. धना मधोमध दुभंगून दोन वाट्या वेगळ्या झाल्या की थांबा. भुगा झाला तर बी गेले. या वाट्या बारा तास पाण्यात भिजवा, निथळून तासभर सावलीत सुकवा आणि एक ते दीड सेंटिमीटर खोल पेरा. धने दोन वर्षांहून जुने असल्याची शंका असेल तर आधी वीस वाट्या ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार कोपऱ्यात ठेवा. दहा-बारा दिवसांत चौदा-पंधरांना मोड आले तर बी चांगले. दहाच्या आत आले तर दुप्पट पेरा किंवा बी बदला.

रोपे उपटून दुसरीकडे लावण्याच्या फंदात पडू नका. कोथिंबिरीला सोटमूळ असते, ते दुखावले की रोप घाईने फुलावर येते. कापणी करताना तळाशी तीन-चार सेंटिमीटर आणि मधली कोवळी पाने राखली तर त्याच रोपांवर दुसरा तोडा मिळतो. कोथिंबीर सतत हवी असेल तर सगळा वाफा एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी एक पट्टा पेरा.

प्रश्न : पालकाची आणि मेथीची रोपे छान उगवतात, पण दोन पानांवर आली की एकेक करून आडवी पडतात. पाणी वाढवले तर आणखीच पडली.

उत्तर : पडलेले एक रोप उचलून उजेडात धरा. मातीला टेकलेल्या जागी देठ दोऱ्यासारखा बारीक आणि तपकिरी झालेला दिसेल. वरची पाने अजून हिरवी असतील, म्हणूनच ते तहानलेले वाटते. ही रोपांची मर आहे. मातीतल्या बुरशी हा देठ कुजवतात आणि त्यांना हवी असते गारवा, ओल आणि दाटी. वाढवलेले पाणी त्यांच्याच पथ्यावर पडले.

पडलेली रोपे वाचत नाहीत. ती आणि त्यांच्या भोवतालची दोन बोटे माती काढून टाका. पाणी दोन-तीन दिवस पूर्ण थांबवा, कुंडी वारा लागेल अशा जागी हलवा आणि वरून कोरड्या वाळूचा पातळ थर भुरभुरवा. उरलेल्यांपैकी बरीच तगतात.

मुळात चूक पेरतानाच होते. मेथी मूठभरून फेकली जाते. दोन बियांत दीड-दोन सेंटिमीटर अंतर पडेल इतकीच पेरा. पालकाला ओळीत चार-पाच सेंटिमीटर हवे, आणि बी रात्रभर भिजवून दोन सेंटिमीटर खोल. पेरणीच्या कुंडीत अर्धवट कुजलेले शेणखत नको. पाणी नेहमी सकाळी घाला, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरची माती सुकते. थंडीत बाष्पीभवन कमी होते, त्यामुळे उन्हाळ्यातला ‘रोज एक तांब्या’ हा हिशेब आता चालत नाही. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसा. टोकाला ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेल्या कुंडीत वरचा थर कोरडा आणि तळ चिखल असतो, तिथे बोटही फसवते. अशी कुंडी उचलून वजनावरून ठरवा.

प्रश्न : फ्लॉवरचे झाड एक वीत झाले नाही तोच लिंबाएवढा गड्डा धरला आणि तिथेच थांबला. शेजारच्या झाडाला मात्र पानेच पाने, गड्डा नाहीच. दोन्ही रोपे एकाच दिवशी लावली होती.

उत्तर : एकाच दिवशी लावली, पण बहुधा एका जातीची नव्हती. फ्लॉवरच्या जाती लवकर येणाऱ्या, मध्यम आणि उशिराच्या अशा असतात आणि प्रत्येकीला गड्डा धरायला वेगवेगळी थंडी लागते. लवकरच्या जातींना साधारण वीस ते सत्तावीस अंशांतच गड्डा धरतो. उशिराच्या जातींना दहा ते सोळा अंश लागतात. लवकरची जात उशिरा, ऐन गारठ्यात लावली की पुरेशी पाने यायच्या आधीच तिला ‘आता धर’ असा इशारा मिळतो आणि लिंबाएवढा गड्डा येतो. उशिराची जात लवकर लावली की थंडीची वाट पाहत ती नुसता पाला वाढवते. दुसऱ्या झाडाला अजून वेळ द्या. पहिल्याचे आता काही होणार नाही. तो गड्डा आज काढून शिजवा, ठेवून मोठा होत नाही.

जात बरोबर असूनही गड्डा लहान राहत असेल तर रोपाचे वय बघा. पंचवीस ते तीस दिवसांचे, चार-पाच पानांचे रोप लावायचे. ट्रेमध्ये दीड-दोन महिने अडकून पडलेले, मुळांचा गोळा झालेले रोप स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. त्याची वाढ एकदा खुंटलेली असते. लावणीनंतर पंधरा आणि तीस दिवसांनी झाडामागे दोन मुठी गांडूळखत द्या. इथे मात्र खत खरोखरच हवे, कारण गड्डा किती मोठा होणार हे त्याआधी आलेल्या पानांवर ठरते. दोन झाडांत पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर, कुंडी असेल तर तीस सेंटिमीटर रुंद आणि तितकीच खोल, आणि तिच्यात एकच झाड.

गड्डा पाच-सात सेंटिमीटरचा झाला की बाहेरची पाने वर घेऊन सैल बांधा, नाहीतर उन्हाने तो पिवळा पडतो. गड्ड्यातून बारीक हिरवी पाने डोकावू लागली तर मधेच ऊब वाढली असे समजा. चवीला काही बिघडत नाही. खोड कापल्यावर आत पोकळी आणि तपकिरी डाग दिसले तर बोरॉन, हे अगदी थोडे लागणारे अन्नद्रव्य, कमी आहे. पुढच्या लावणीत एक लिटर पाण्यात एक ग्रॅम बोरॅक्स विरघळवून गड्डा धरण्याआधी एकदाच फवारा. बोरॉनच्या बाबतीत ‘थोडे जास्त घालू’ हा विचार झाडाला विषासारखा बाधतो. पोकळी आहे पण डाग नाहीत, असे असेल तर नत्र (नायट्रोजन) जास्त झाले आहे.

प्रश्न : मुळ्याला गुडघाभर पाला, खाली शेपटी. गाजराला तीन-तीन पाय.

उत्तर : मुळा पोसत नाही याची कारणे तीन : दाटी, सावली आणि नत्राचा अतिरेक. उगवल्यावर आठवड्याच्या आत विरळणी करा. लांब मुळ्याला सात-आठ आणि गोल छोट्या मुळ्याला चार-पाच सेंटिमीटर मोकळे ठेवा. उपटायला जीव होत नाही म्हणून सगळी रोपे राखली तर सगळीच पाल्याची भाजी होते. उपटताना शेजारचे मूळ हलत असेल तर कात्रीने कापा.

गाजराला पाय फुटतात कारण वाढत्या टोकाला काहीतरी आडवे येते : खडा, ढेकूळ किंवा ताज्या शेणखताचा गोळा. पंचवीस-तीस सेंटिमीटर माती चाळून भुसभुशीत करा, खत मागच्या पिकाला दिलेले पुरते. रोप काढून पुन्हा लावले तरी हेच होते. बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरायचे आणि उगवायला दोन आठवडे, थंडीत तीनही लागतात. तोवर वरची माती पापुद्रा धरू नये म्हणून वाफ्यावर ओले गोणपाट टाका, पण रोज उचलून बघा. पहिला हिरवा ठिपका दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढायचे.

प्रश्न : उन्हाळ्यात बाल्कनीत भरपूर ऊन असते, हिवाळ्यात सगळे लुळे आणि लांबुडके होते. खत कमी पडते का?

उत्तर : खत नाही, ऊन कमी पडते. हिवाळ्यात सूर्य खालून जातो. डिसेंबरच्या अखेरीस उत्तरेकडच्या वीस अक्षांशांवर एक मीटर उंच कठड्याची सावली भरदुपारी जवळजवळ एक मीटर पडते, चाळीस अक्षांशांवर दोन मीटर. कठड्यालगत जमिनीवर ठेवलेल्या कुंड्या त्यामुळे दिवसभर सावलीत राहतात. उत्तर गोलार्धात ऊन दक्षिणेकडून येते, तेव्हा कुंड्या कठड्याच्या उंचीपर्यंत उचला किंवा मागच्या भिंतीकडे सरकवा.

सकाळी नऊ, बारा आणि तीन वाजता कुंडी उन्हात आहे का ते एका दिवशी टिपून ठेवा. तीन-चार तास थेट ऊन मिळत असेल तर पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना, लेट्यूस होतात. टोमॅटो, मिरची, वाटाणा यांना सहा तास हवेत. दिवस दहा तासांपेक्षा लहान होतो अशा प्रदेशात वाढ जवळजवळ थांबते. तिथे भाजी आधीच वाढवून ठेवायची आणि ऐन थंडीत नुसती खुडायची.

अंधारात वाढलेल्या झाडाला नत्र दिले की ते आणखी लांब आणि मऊ होते, मग त्यावर मावा आलाच.

प्रश्न : आणि तो मावा? कोबीची पाने आतल्या बाजूला वळली आहेत.

उत्तर : वळलेले पान उलगडा. राखट-हिरव्या किड्यांचा थर दिसेल. जास्त वळलेली पाने खुडून टाका, बाकीच्यांवर खालून जोराचा पाण्याचा फवारा मारा, दोन दिवसांआड तीन वेळा. एवढ्याने बहुतेक काम होते. राहिला तर एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन मिली सौम्य द्रवरूप साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून. थंडीत निंबोळी तेल गोठते आणि तसेच ओतले तर गुठळ्या पंपाच्या तोंडात अडकतात. बाटली आधी कोमट पाण्यात उभी ठेवा. साबण थोड्या कोमट पाण्यात घोळून त्यात तेल मिसळा, मग बाकीचे पाणी. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचाही बंदोबस्त करा. माव्यातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात.

प्रश्न : टोमॅटोच्या रोपांची पाने खालून जांभळी झाली आहेत. स्फुरद (फॉस्फरस) द्यायचे का?

उत्तर : मातीत स्फुरद बहुधा आहे, गार मातीत मुळांना तो उचलता येत नाही. रोपे भिंतीच्या उबेला ठेवा, पाणी कमी करा. नवी पाने हिरवी आली की झाले.

प्रश्न : आमच्याकडे काही रात्री दव गोठते. कशावर पांघरूण घालावे, कशावर नको?

उत्तर : पालक, मेथी, कोबी, लसूण, गाजर, वाढलेली कोथिंबीर आणि पार्सली हलके दव गोठणे सोसतात. पालक आणि गाजर तर थंडीत पेशींमध्ये साखर साठवतात, म्हणून जास्त गोड लागतात. वाटाण्याची पाने टिकतात, पण फुले आणि कोवळ्या शेंगा जातात. टोमॅटो, मिरची, वांगी, घेवडा, तुळस यांना एक रात्र पुरते.

धोका असतो तो निरभ्र आकाश आणि पडलेल्या वाऱ्याच्या रात्री. हवामानाचा आकडा जमिनीपासून वर मोजलेला असतो, मातीलगत पारा त्याहून दोन-चार अंश खाली असू शकतो. त्यामुळे अंदाजात तीन अंश दिसले तरी तयारी करा. त्या दिवशी सकाळी वाफ्याला पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब कोरडीपेक्षा जास्त साठवते. सूर्य मावळायच्या सुमारास काठ्यांवर जुनी चादर किंवा बागेचे पातळ न विणलेले कापड टाका आणि कडा जमिनीपर्यंत आणून दाबा. झाडाच्या खोडाभोवती गुंडाळून बांधण्यात अर्थ नाही, कारण ऊब मातीतून वर येते आणि तीच अडवायची असते. चौरस मीटरला सतरा ग्रॅम वजनाचे असे कापड साधारण दोन अंशांचा फरक पाडते. प्लॅस्टिक वापरायचेच तर पानांना टेकू देऊ नका. जिथे टेकते तिथे पान करपते. सकाळी ऊन आले की पांघरूण काढा.

पाने गोठलेली दिसली तर हात लावू नका, वाकवताच ती मोडतात. वितळल्यावर खुडा. करपलेला शेंडा लगेच छाटू नका. तो खालच्या डोळ्यांना (जिथून नवे कोंब फुटतात त्यांना) पुढच्या गारठ्यात आडोसा देतो.

प्रश्न : तुळशीची पाने काळी पडली आणि पुदिना तर नाहीसाच झाला. दोन्ही फेकून द्यायचे?

उत्तर : तुळशीला दहा अंशांखाली त्रास होतो. खोड नखाने खरवडा. आत हिरवे असेल तर घरात उन्हाच्या खिडकीशी आणा, पाणी अगदी कमी द्या. पुढच्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधीच दहा सेंटिमीटरच्या दोन-तीन फांद्या पाण्यात ठेवून मुळे फोडून घ्या.

पुदिन्याची कुंडी मात्र फेकू नका. वरचा भाग मरतो, मातीतल्या आडव्या मुळ्या जिवंत असतात. बोटभर उकरून पांढरी, कडक मुळी दिसली की परत माती लोटा आणि पंधरा दिवसांतून एकदा जेमतेम ओल द्या. रोजमेरी आणि थाइमला थंडीपेक्षा ओल्या मुळांचे भय जास्त. त्यांच्या कुंडीखालची थाळी आजच काढून टाका.