ठिबक स्वयंचलित करण्यापूर्वी

मातीऐवजी कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) भाजी वाढवताना ठिबक सिंचन सेन्सर व मोबाइल ॲपने स्वयंचलित करण्याचा आपला उत्साह योग्यच आहे. मात्र सेन्सर आणि मोबाइल ॲप तूर्त बाजूला ठेवावेत. पालक किंवा लेट्यूससाठी साधा टायमर, छोटा पंप आणि पंपापुढे बारीक जाळीची गाळणी एवढे पुरते.

पहिला आठवडा पंप हाताने चालवून कोकोपीट किती वेळात भिजते व कधी सुकू लागते हे वहीत टिपावे आणि मगच टायमर लावावा, कारण नवखे बहुधा पाणी जास्तच देतात व मुळे कुजतात.

- पाण्यात खत विरघळवून केलेल्या द्रावणाचा सामू (आम्लता दाखवणारा pH) ५.५ ते ६.५ दरम्यान राखावा.
- टाकी झाकलेली व अपारदर्शक असावी. उजेडाने शेवाळ वाढून ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) तुंबतात. (माझे पहिले बारा असेच गेले.)

वीज गेल्यास साध्या यांत्रिक टायमरचे घड्याळ मागे पडते, तेव्हा ते पुन्हा जुळवावे. खताची मात्रा आपोआप देण्याचे नंतर पाहू.