खाऱ्या पाण्यात तगलेल्या भाताचे बियाणे

प्रश्न : उरणजवळ आमची खारजमीन आहे. बांध फुटून समुद्राचे पाणी शिरले त्या वर्षी जी थोडी भाताची रोपे तगली, त्यांच्या लोंब्यांचे बियाणे काकांनी राखून ठेवले आहे. रोपाने खारेपणा सोसला, की तो सोसण्याची क्षमता त्याच्या बियाण्यातही उतरते, असे वाचनात आले. हे खरे आहे का?
— एक वाचक, मुलुंड, मुंबई

उत्तर : हे घडू शकते, मात्र तुमच्या काकांच्या बियाण्याबाबत आधी साध्या निवडीचा विचार करायला हवा. शेतातील रोपे आनुवंशिकदृष्ट्या एकसारखी नसतील, तर मुळातच काटक असलेली रोपे तगतात आणि त्यांचा काटकपणा नेहमीच्या मार्गानेच पुढे जातो. घरी जपलेल्या बियाण्यात अशी सरमिसळ बहुधा असतेच.

अधिजनुकीय वारसा याहून वेगळा. त्यात डीएनएचा मूळ क्रम बदलत नाही. त्यावर मेथिल नावाचे छोटे रासायनिक गट चढतात (याला मेथिलेशन म्हणतात) किंवा उतरतात आणि त्यानुसार एखाद्या जनुकाचे काम मंदावते किंवा वाढते. वनस्पतींची फुले वाढत्या कोंबातील पेशींपासूनच, तीही उशिरा, तयार होत असल्याने आयुष्यात उमटलेली अशी खूण बियाण्यापर्यंत पोहोचण्यास वाव राहतो. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७४४ मध्ये वर्णन केलेल्या लिनेरिया या फुलझाडाच्या वेगळ्या आकाराच्या फुलांमागे जनुकातील बदल नसून मेथिलेशन आहे, हे १९९९ मध्ये सिद्ध झाले. भाताबाबत तर चिनी संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवले, की पिढ्यान्‌पिढ्या थंडी सोसायला लावलेल्या रोपांत एका जनुकाजवळचे मेथिलेशन घटून थंडी सोसण्याची क्षमता आली आणि ती पुढील पाच पिढ्या टिकली. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. तरीही सगळ्याच खुणा टिकत नाहीत : मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिसमध्ये हिवाळ्याने उमटवलेली, फुलोऱ्याशी संबंधित खूण प्रत्येक पिढीत पुसली जाते.

काकांना पडताळा घ्यायचा असेल, तर एकाच रोपाच्या बियाण्याचे दोन भाग करून एक खाऱ्या व दुसरा गोड्या पाण्यावर वाढवावा. पुढच्या हंगामात दोन्हींची संतती गोड्या पाण्यावरच घ्यावी, म्हणजे मातृरोपाच्या पोषणाचा दाण्यावर झालेला परिणाम निघून जाईल. आणि त्यानंतरच दोन्हींची खाऱ्या पाण्यात तुलना करावी. एका हंगामाच्या निरीक्षणावरून काहीही ठरवू नये. तोवर मुख्य लावणीसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने विकसित केलेले पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३ हे वाण वापरावेत आणि काकांचे बियाणे वेगळ्या वाफ्यात, नोंद ठेवून वाढवावे.