गळ-गप्पा : ग्लाइड बेटबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाच इंची ग्लाइड बेट (डावी-उजवीकडे घसरत पोहणारा नकली मासा) घेतलं. ते डावी-उजवीकडे न जाता सरळ येतं आणि जोरात ओढलं की आडवं पडून गरगर फिरतं. माल खराब आहे का? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : माल बदलायच्या आधी हात बदलून बघा. मधे एकच सांधा असलेला हा ल्युअर (नकली आमिष) वेगात ओढायचा नसतोच. वेग वाढला की बहुतेक ग्लाइड बेट कलंडतात. रॉडचं टोक पाण्याकडे धरा, रिळाचं हँडल झटक्यात अर्धा फेरा फिरवा आणि थांबा. थांबताना दोरा किंचित सैल पडला पाहिजे. ताणून धरला तर ल्युअरचं तोंड वळणार कसं? एका बाजूला घसरून तो मंदावला की पुढचा अर्धा फेरा, मग तो दुसरीकडे जातो.

एवढं करूनही जमत नसेल तर नाक तपासा. दोरा नाकाच्या कडीला थेट आवळून बांधला असेल तर मधे स्नॅप (उघडमिट होणारी तारेची कडी) घाला. स्टीलचा जड लीडर (दोरा आणि ल्युअर यांच्यामधला मजबूत तुकडा) नाक खाली ओढतो; मरळीला 40 पौंडी फ्लुरोकार्बन दोऱ्याचा दीड-दोन फूट तुकडा पुरतो.

मग ल्युअर बादलीत सोडा. सावकाश बुडणाऱ्या जातीचा असेल तर तो पोट खाली ठेवून आडवाच बुडायला हवा. नाकावर बुडतोय? पुढचा ट्रेबल हुक (तीन टोकांचा गळ) जड झालाय, मूळ मापाचा लावा. शेपूट आधी जातेय? पुढच्या हुकच्या दांडीला शिशाच्या तारेचे दोन वेढे द्या. थंड पाण्यात जागेवर तरंगत राहील असा जुळवलेला ल्युअर आपल्याकडच्या कोमट पाण्यात हळूहळू खाली जातो, कारण कोमट पाण्याची घनता जराशी कमी असते. तो दोष नव्हे.

प्रश्न : मरळ काठापर्यंत मागे येते, पण तोंड लावत नाही. (एक वाचक, कल्याण)

उत्तर : ती दिसली की आपण दचकून हात थांबवतो, तिथेच ती फिरते. लागोपाठ दोन अर्धे फेरे झटक्यात द्या आणि दोरा सैल सोडा. ल्युअर गर्रकन वळून तिच्यासमोर तोंड करतो. घ्यायचा असेल तर बहुधा तेव्हाच घेते. लागली की रॉड डोक्यावर न उचलता आडवा ओढा आणि ताण सोडू नका. जड ल्युअर असतो, मासा डोकं झटकतो तेव्हा त्याच वजनाने हुक निसटतात. पावसाळ्यात तिच्याभोवती लालसर पिल्लांचा थवा दिसला तर मात्र गळ आवरा. राखण करणारे आई-बाप गेले की पिल्लं इतर माशांच्या पोटात जातात.

प्रश्न : पवईला ग्लाइड बेट चालेल का? (एक वाचक, कुर्ला)

उत्तर : मोकळ्या पाण्यात चालेल. जलपर्णीच्या कडेला नको, दोन उघडे ट्रेबल पहिल्याच फेकीत गवत घेऊन येतील. तिथे रबरी बेडूक बरा. आधी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनकडे परवान्याची चौकशी करा. विहार आणि तुळशी पिण्याच्या पाण्याचे तलाव, त्यांचा विचारच नको. पवईत मगरी आहेत, त्यामुळे अडकलेला ल्युअर सोडवायला पाण्यात उतरू नका. दोरा लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून सरळ मागे ओढा. तळहाताला गुंडाळलात तर ब्रेड म्हणजे विणलेला दोरा कातडी कापतो.