दाढ दुखायची थांबली पण गाल सुजलाय, सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की खालची दाढ चार दिवस ठणकत होती, आज दुखायचं कमी झालं पण गाल सुजलाय, आणि शनिवारची रात्र आहे तर सोमवारी डेंटिस्टकडे गेलं तर चालेल का. नाही चालणार. उद्या रविवार असला तरी फोन करून कुठला दवाखाना उघडाय ते बघा आणि सकाळीच दाखवा, आणि खाली सांगतो त्यातलं एक जरी लक्षण दिसलं तर सकाळची पण वाट बघू नका.

मी डॉक्टर नाही, सोलापुरात मेडिकल दुकान आहे माझं, आणि शटर ओढायच्या टायमाला दाढेची गोळी मागायला येणारे लोक मी रोज बघतो. सगळे दुखण्यावरूनच ठरवतात, लई दुखतंय म्हणजे सिरियस आणि थांबलं म्हणजे बरं झालं. दाताचं असं नसतंय बघा. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली की ती नस सुजते, तिला आत फुगायला जागा नसते म्हणून रात्रभर झोप लागत नाही, मग ती नस मेली की ठणका जातो, पण इन्फेक्शन आतच असतं आणि पू हाडातून वाट काढत गालात नाहीतर जबड्याखाली उतरतो. म्हणून दुखायचं थांबलं आणि सूज आली ही मला जास्त काळजीची गोष्ट वाटते.

आता आत्ताच निघायची लक्षणं. तोंड नीट उघडत नाही, आपलीच दोन बोटं एकावर एक धरून दातांच्या मधे जात नाहीत. थुंकी गिळता येत नाही, लाळ गळतीय. आवाज जड झालाय, जीभ वर उचलल्यासारखी वाटतीय, हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी कडक सूज आलीय. डोळा मिटेल इतकी सूज वर चढलीय, किंवा थंडी वाजून ताप आलाय. हे असेल तर डेंटिस्ट शोधत फिरू नका, सरळ सिव्हिलच्या कॅज्युअल्टीला जा, श्वास घ्यायला त्रास होत असेल तर 108 ला फोन करा, कारण ही सूज श्वासनलिका दाबू शकते. शुगर असलेल्या माणसाने तर अजिबात थांबू नये, इन्फेक्शन झपाट्यानं पसरतं. आणि जबडा दुखतोय, घाम फुटलाय, छाती जड वाटतीय असं असेल तर ते दाताचं नसून हार्टचं असू शकतं, तेव्हा पण 108.

गोळ्यांचं सांगतो, कारण इथंच लोक जास्त चुकतात. कॉम्बिफ्लाम घेतात आणि वरून डोलो पण घेतात, दोन्हीत पॅरासिटामॉल आहे हे माहीतच नसतं. मोठ्या माणसाला 24 तासांत सगळं मिळून 4 ग्रॅमच्या वर जायचं नाही, लिव्हरवर येतं. किडनीचा त्रास, अल्सर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण यात आयबुप्रोफेन स्वतःच्या मनानं घेऊ नका, कॉम्बिफ्लाममध्ये ते पण असतं. दोन अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) द्या म्हणून हट्ट करू नका, चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नसतं, आणि मेलेल्या नसेत रक्त जात नाही तर औषध तरी कसं पोचणार, रूट कॅनल करून नाहीतर दाढ काढूनच पू बाहेर काढावा लागतो. हिरडीवर अ‍ॅस्पिरिन ठेवू नका, भाजतं. मशेरी, तंबाखू पण दाबून धरू नका. गालाला बाहेरून गरम शेक नको, फडक्यात बर्फ गुंडाळून लावा.

कडक भाकरी चावताना फिलिंग निघालं, तुकडा उडाला, त्याला दोन दिवस थांबता येतं. पोराचा पक्का दात पडून मुळासकट निघाला तर मात्र मिनिटं मोजायची असतात. पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका, मळलाय तर दुधात किंवा पाण्यात पटकन बुडवून काढा आणि जागेवर परत बसवून रुमाल चावायला द्या, नाही जमलं तर थंड दुधात टाकून डेंटिस्टकडे पळा. अर्ध्या तासात पोचलात तर दात वाचायची आशा चांगली. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

निघताना घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, शुगर-बीपीची पण, कॅज्युअल्टीत पहिलं तेच विचारतात आणि घाईत नावं आठवत नाहीत.