२१४७४८३६४७ : पाया २ घेऊन केलेली कसोटी इथे का चालत नाही

२³¹ − १ म्हणजेच २१४७४८३६४७ ही संख्या N मानून, २ चा (N − १) वा घात N ने भागला असता बाकी १ उरते, म्हणून N ही मूळ संख्या (१ आणि स्वतः यांखेरीज विभाजक नसलेली) आहे, असे आपण लिहिले आहे. निष्कर्ष बरोबर आहे, पण त्याला दिलेले कारण टिकत नाही. N − १ ला ३१ ने पूर्ण भाग जातो (भागाकार ६९२७३६६६), आणि २³¹ ला N ने भागल्यावर बाकी १ उरते हे तर N च्या रचनेतच आहे. त्यामुळे N मूळ असो वा नसो, ही बाकी १ च येणार. २¹¹ − १ म्हणजे २०४७ हीसुद्धा ही परीक्षा उत्तीर्ण होते, आणि तरीही ती २३ × ८९ आहे. आमच्या सांगलीच्या बाजारात हळदीच्या पोत्याचा वरचा थर पाहून कोणी सौदा करत नाही, आणि इथे तर २ हा पाया घेतला की वरचा थर नेहमीच चांगला निघतो.

खरी सिद्धता १७७२ साली गणिती ऑयलरने दिली. (२ च्या कोणत्या घातांतून १ वजा केल्यास मूळ संख्या मिळते, त्या घातांकांच्या १६४४ च्या यादीत फ्रेंच गणिती मर्सेनने ३१ घातला होता खरा, पण त्याच यादीत ६७ हा चुकीचा घातांकही होता, म्हणून त्या यादीला मी पुरावा मानत नाही.) q हा N चा मूळ विभाजक असेल, तर ३१ मूळ असल्यामुळे q − १ ला ३१ ने, आणि q विषम असल्यामुळे ६२ ने भाग गेलाच पाहिजे. शिवाय २³² ची q ने भागल्यावरची बाकी २ येते, म्हणजे q च्या दृष्टीने २ हा २¹⁶ चा वर्ग ठरतो, आणि त्यामुळे q ला ८ ने भागता बाकी १ किंवा ७ च उरू शकते. दोन्ही अटी एकत्र केल्या की q ला २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ याच बाक्या शक्य राहतात. N चे वर्गमूळ ४६३४० च्या थोडे पुढे आहे. तिथपर्यंतच्या सुमारे पावणेपाच हजार मूळ संख्यांऐवजी आता ६३ सोडून ३७२ उमेदवारच उरतात, आणि त्यांतही संयुक्त, म्हणजे मूळ नसलेल्या, पुष्कळ. २४९ गळते, ३११ ही पहिली मूळ संख्या मिळते, आणि तिच्यानंतर ४९७, ५५९, ७४५ अशा सगळ्या गळून पडतात आणि पुढची मूळ संख्या थेट १३०३ भेटते.

एका मे महिन्याच्या सुट्टीत मी हे सारे भागाकार चौकटीच्या वहीत केले. मध्येच एकदा बाकी शून्य आली आणि क्षणभर ऑयलर चुकला असे वाटले. प्रत्यक्षात मीच हातचा विसरलो होतो. लांब भागाकारात असे होतेच, म्हणून आपण घातांच्या बाक्या घेत जावे. ३११ साठी २¹⁰ ची बाकी ९१, तिचा वर्ग करून २²⁰ ची १९५, या दोहोंच्या गुणाकारावरून २³⁰ ची १८, दुप्पट ३६, आणि १ वजा करून ३५, म्हणजे भाग जात नाही. १३०३ साठी याच रीतीने शेवटी २२६ यायला हवेत.