केबलचा नकाशा माणसांच्या डोक्यात असतो

अगं, आधी मनापासून अभिनंदन! युनिव्हर्सिटीच्या टेलिकॉमची फिल्ड टीम तुझ्याकडे दिली हे ऐकून खूप बरं वाटलं. परवा फोनवर तू विचारत होतीस की सर पहिल्या महिन्यात काय करू, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, डॅशबोर्ड कसा लावू, तेव्हा मी नाशिकला द्वारकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो म्हणून धड बोलता आलं नाही. आता निवांत लिहितोय, लांबेल जरा, पण पूर्ण वाच.

डॅशबोर्डचं नंतर बघू. तुझ्या नेटवर्कचा खरा नकाशा ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये नाहीये. तिथे जे ड्रॉइंग आहे ते टेंडरच्या वेळचं, त्यानंतर रस्ता रुंद झाला, कॅन्टीनची शेड वाढली, लायब्ररीसमोर पेव्हर ब्लॉक बसले आणि त्याखाली केबलचे दोन चेंबर, म्हणजे जमिनीतले झाकणाचे खड्डे, गायब झाले, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते माहीत असतं तुझ्या टीममधल्या दोन-तीन जुन्या माणसांना. रात्री अकराला हॉस्टेलची लाइन गेली की तेच सांगतात, "मॅडम, चिंचेच्या झाडापाशी बघू आधी." आणि बहुतेक वेळा प्रॉब्लेम तिथेच निघतो.

आता ही माणसं ते लिहून का देत नाहीत? याच्यावर मला तुझ्याशी जास्त बोलायचंय, कारण नवीन आलेले इथेच वैतागतात, म्हणतात की जुने लोक को-ऑपरेट करत नाहीत. अगं, त्यातले बरेचसे कॉन्ट्रॅक्टवर असतात. एजन्सी बदलते, माणूस तोच राहतो, दरवर्षी त्याला धाकधूक की यंदा आपलं नाव लिस्टमध्ये राहतंय का. त्याच्याकडे डिग्री नाही, सर्टिफिकेट नाही, आहे ते एवढंच की कुठली केबल कुठून जाते ते फक्त त्याला ठाऊक आहे. ते तू एक्सेल शीटमध्ये मागितलंस की त्याला वाटणारच की आता माझी गरज संपली. त्याची भीती खरी आहे, उगाच नाही. म्हणून शीट मागायच्या आधी त्याचा पगार वेळेवर होतो का, पीएफ भरला जातो का, ईएसआयसीचं कार्ड चालू आहे का, हे बघ. रजिस्ट्रार ऑफिसात चार चकरा मार. तुझ्या हातात सगळं नाही, मान्य, पण तू त्याच्यासाठी चकरा मारतेस हे टीमला दोन दिवसात कळतं.

मग त्याच्याबरोबर चाल. त्याला ऑफिसात बोलावून प्रश्न नको विचारूस, सकाळी ऊन चढायच्या आत त्याच्याबरोबर मेन सर्व्हर रूमपासून निघायचं आणि एकेक चेंबर उघडत शेवटच्या बिल्डिंगपर्यंत जायचं. वयाने मोठा असेल तर काकाच म्हण, तो तुला मॅडम म्हणेल, म्हणू दे. आणि रूट शीटवर खाली लिही, रूट कोणी दाखवला, त्याचं नाव, तारीख. पुढे एखाद्या मीटिंगमध्ये ते शीट स्क्रीनवर आलं आणि इंजिनिअर साहेबांसमोर त्याचं नाव दिसलं की पुढचा रूट तो स्वतःहून दाखवायला येतो. त्याला ओटीडीआर, म्हणजे केबल किती अंतरावर तुटली ते दाखवणारं मशीन, चालवायला शिकव, स्प्लायसिंगच्या म्हणजे फायबर जोडायच्या ट्रेनिंगला पाठव, जमलं तर सर्टिफिकेट मिळेल असं बघ. नकाशा कागदावर आला तरी माणूस तितकाच लागतो, हे त्याला तुझ्या वागण्यातून दिसलं पाहिजे.

चेंबर उघडलास की एक गोष्ट न चुकता कर. फायबर केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो, बघितला असशील. प्रत्येक चेंबरमध्ये केबल आत येते तिथला आकडा आणि बाहेर जाते तिथला आकडा, दोन्हीचे फोटो घ्यायचे आणि लिहून ठेवायचे. फडक्याने चिखल पुसावा लागतो, वेळ जातो, पोरं कुरकुर करतात, तरी कर. याचा उपयोग असा, समज केबल तुटली आणि ओटीडीआरने दाखवलं ६१२ मीटर. नवा माणूस सर्व्हर रूमपासून ६१२ मीटर टेप लावून खड्डा मारतो आणि तिथे काहीच नसतं, कारण प्रत्येक चेंबरमध्ये दहा-पंधरा मीटरचं लूप गुंडाळून ठेवलेलं असतं आणि ते मशीन मोजतं, टेप मोजत नाही. पण तुझ्याकडे आकडे असले तर सर्व्हर रूममध्ये केबलवर २१४ आहे, त्यात ६१२ मिळवले की ८२६. चार नंबरच्या चेंबरमधून केबल बाहेर पडते ७९० ला, पाच नंबरमध्ये शिरते ८७१ ला. म्हणजे तूट चार नंबरच्या पुढे साधारण ३६ मीटरवर. त्यातही आत फायबर पीळ घेऊन असतं म्हणून त्याची लांबी केबलपेक्षा एखाद-दोन टक्के जास्त भरते, तेव्हा त्याच्या जरा अलीकडेच कुठे ताजी माती दिसते का बघायचं, खड्डा तिथेच. मशीनमध्ये रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सची, म्हणजे काचेतून प्रकाश किती वेगाने जातो त्याची, सेटिंग मात्र तुमच्या केबलची आहे ना तेवढं तपास, ती चुकली की सगळेच आकडे सरकतात.

पावसाचं. शहरात रिमझिम असते तेव्हा त्र्यंबकच्या बाजूला धो धो असतो हे तुला सांगायला नको. चेंबरमध्ये पाणी भरतंच. गोदेला पूर आला की आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी लागलं ते विचारतो ना, तसा प्रत्येक चेंबरच्या आतून जॉइंट बॉक्सच्या उंचीवर ऑइल पेंटचा लाल पट्टा मार. पावसाळ्यात राऊंडला गेलेला माणूस एवढंच कळवेल की पाणी पट्ट्याच्या खाली की वर, आणि पंप आधी कुठे न्यायचा ते तुला बसल्या जागी ठरवता येईल. आणि दोन बिल्डिंगमध्ये कुठे जुनी कॉपरची लाइन ओढलेली असेल, कोणीतरी सोय म्हणून लॅन केबल झाडावरून नेलेली असेल, ती यंदाच्या पावसाआधी काढून फायबर टाक. दोन बिल्डिंगच्या अर्थिंगमध्ये फरक असतो, जवळपास वीज पडली की तो झटका तांब्यातून आत येतो आणि नेटवर्क स्विचचे पोर्ट जळतात. फायबर काचेचं, त्यातून तो येत नाही, फक्त बाहेरच्या केबलला लोखंडी आर्मर असेल तर त्याला नीट अर्थिंग द्यायचं. शिवाय लॅन केबलची मर्यादा १०० मीटर, ती पण बघ, झाडावरून नेलेल्या केबलने ती कधीच ओलांडलेली असते.

बॅकअप लाइन आहे असं तुला सगळे सांगतील. तू विचार, कुठल्या चरातून? नॅशनल नॉलेज नेटवर्कची, म्हणजे विद्यापीठांना जोडणाऱ्या सरकारी नेटवर्कची, लिंक एका बाजूला आणि प्रायव्हेट कंपनीची दुसरी, कागदावर दोन वेगळ्या, पण गेटबाहेर दोन्ही एकाच चरात असतील तर एक जेसीबी दोन्ही नेतो. सध्या २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामं निघालीत, तेव्हा हे आत्ताच चालत जाऊन बघ. 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी अ‍ॅप २०२३ च्या मार्चमध्ये आलंय, खोदणाऱ्याने त्यात आधी कळवलं की जमिनीखाली ज्यांची केबल किंवा पाइप आहे त्यांना निरोप जातो. ते झालं बाहेरचं. कॅम्पसच्या आत झाडं लावणारे, पाण्याची लाइन टाकणारे, मांडवाचे खांब रोवणारे सगळे तुझ्या केबलवरच येतात. इस्टेट डिपार्टमेंटशी बोलून घे की फुटभराच्या खाली खणायचं असेल तर आधी तुझ्या टीमला फोन, आणि फोन आला की अर्ध्या तासात माणूस जागेवर, नाहीतर दुसऱ्या वेळी कोणी फोन करणार नाही.

सेफ्टीच्या बाबतीत अजिबात ऐकून घेऊ नकोस कोणाचं. चेंबरचं झाकण उघडलं की लगेच उतरायचं नाही, हवा खेळू द्यायची, काठी फिरवायची, घोणस बसलेली असते आत. एकट्याने उतरायचं नाही, वर एक माणूस हवाच. जोडणी केल्यावर फायबरचे तुकडे टेपला चिकटवून डबीत टाकायचे, १२५ मायक्रॉनची काच डोळ्याला दिसत नाही आणि बोटात गेली की निघत नाही, त्या टेबलावर जेवणाचा डबा उघडायचा नाही म्हणजे नाही. चालू फायबरच्या टोकात डोळा लावायचा नाही, १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश दिसतच नाही, म्हणून पोरांना वाटतं बंदच आहे. रात्रीच्या कॉलला दोघं आणि गाडी, आपल्याकडे बिबट्या गंगापूर रोडच्या सोसायट्यांत शिरतो, कॅम्पसच्या मागच्या माळाचं काय सांगावं. फॉल्ट सकाळपर्यंत थांबू शकतो का हे आधी तू ठरवायचं, माणसावर ढकलायचं नाही.

थांबू शकतो का, हे ठरवायला क्रम मनात पक्का पाहिजे. लिफ्टमधला फोन, सिक्युरिटी गेट, हेल्थ सेंटर हे पहिलं. या जुन्या फोनलाइनकडे आता कोणी बघत नाही, पण लिफ्टमध्ये अडकलेल्या पोरीच्या मोबाइलला रेंज नसते, म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक लिफ्टमधून खरोखर फोन लावून बघ. त्यानंतर परीक्षा विभाग. पेपर ऑनलाइन येतो त्या सकाळी कोणीही कुठल्याही रॅकला हात लावायचा नाही, पॅचकॉर्ड सरळ करायला सुद्धा नाही. मोठी कामं दिवाळीच्या सुट्टीत. मग हॉस्टेल, मग ऑफिसेस. एखादे एचओडी तुझ्या टेक्निशियनला डायरेक्ट फोन करून केबिनचं वायफाय आधी बघ म्हणतील, त्याला नाही म्हणता येत नाही बिचाऱ्याला. त्याला सांगून ठेव की "मॅडमना विचारतो" एवढंच म्हणायचं, पुढचं तू बोल, गोड बोल, पण क्रम सोडू नकोस.

तिकिटांचं, म्हणजे कम्प्लेंटच्या नोंदींचं, थोडक्यात. दिवसाला किती क्लोज केली यावरून माणसाला जोखलंस तर पोरं स्विच रिस्टार्ट करतील आणि क्लोज करतील. त्याच रूममधून आठवड्यात परत कम्प्लेंट आली का, ते बघ. पाहुणे प्रोफेसर आले आणि त्यांचं एज्युरोम, म्हणजे स्वतःच्या युनिव्हर्सिटीच्या लॉगिनने दुसरीकडे चालणारं वायफाय, लागत नाही, हा बहुतेक वेळा लॉगिनचा विषय असतो, त्यासाठी कोणाला शिडीवर चढवू नकोस. नवीन अ‍ॅक्सेस पॉइंट लावले आणि नीट चालत नाहीत, तर आधी स्विच किती वॅट देतो बघ, पीओईच्या, म्हणजे लॅन केबलमधूनच वीज द्यायच्या, २००३ च्या स्टँडर्डचा पोर्ट १५.४ वॅटच देतो आणि वायफायच्या नव्या डब्यांना ३० किंवा जास्तही लागतात.

हेल्मेट, रेनकोट, गमबूट, चांगल्या टॉर्च यांची लिस्ट करून जूनच्या आधी मंजुरी घे, फाइल फिरायला वेळ लागतो. पहिल्या रूटचे चेंबरचे फोटो झाले की मला पाठव, कुठला आकडा चुकलाय असं वाटलं तर मी त्या काकांशी फोनवर बोलेन, आणि सातपूरला आलीस तर घरी ये, शीट घेऊनच ये.

तुझे सर