दुबळा पोकेमॉन टीममध्ये घ्यायचाच असेल तर

प्रश्न: माझा सगळ्यात लाडका पोकेमॉन म्हणजे पचिरिसू, ती इलेक्ट्रिक खार. त्याने पोकेमॉन गेमची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकल्याचं वाचलं आणि लगेच टीममध्ये घेतला. चार मुव्ह, त्यातले तीन अटॅक, सगळे पॉइंट अटॅक आणि स्पीडमध्ये टाकले, तरी दुसऱ्या टर्नपर्यंत तो जिवंत नसतो. मित्र म्हणतात, काढून टाक. काय करू?

उत्तर: मित्रांचं ऐकू नको, पण तू जे केलंयस ना तेही ठेवू नको. २०१४ मध्ये वॉशिंग्टन डीसीला वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, तिथे दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने पचिरिसू घेऊन मोठ्यांच्या गटाचं विजेतेपद मारलं, एवढं तू बरोबर वाचलंयस. पण त्या पचिरिसूने मॅच जिंकल्या म्हणजे समोरच्यांना धडाधड झोपवलं असा अर्थ काढलास, तिथेच गडबड झाली. तो मारायला आलाच नव्हता, मार खायला आला होता.

आधी आकडे बघ, कारण आकडे खोटं बोलत नाहीत. पचिरिसूचा मूळ अटॅक ४५. लेव्हल ५० ला तू त्यात २५२ ईव्ही (म्हणजे तू टाकतोस ते पॉइंट) घातलेस, वर अटॅक वाढवणारा नेचर (स्वभाव) दिलास, तरी गाडी १०६ वर थांबते. गार्चॉम्पला एकही ईव्ही न देता, साधा नेचर ठेवून अटॅक १५० असतो. म्हणजे तू जीव तोडून मेहनत करणार आणि समोरचा काहीच न करता तुझ्या पुढे! आता तेच पॉइंट दुसरीकडे टाकून बघ. २५२ एचपीत, म्हणजे जिवात, टाकलेस की १३५ चे १६७ होतात, २५२ डिफेन्समध्ये आणि डिफेन्स वाढवणारा इम्पिश नेचर दिला की ९० चे थेट १३४. याला म्हणतात पैसे वसूल.

मग मारायचं कशाने? सुपर फँगने. समोरच्याचा जेवढा एचपी उरलाय त्याचा निम्मा उडतो, तुझा अटॅक ४५ असो की १४५, काही फरक पडत नाही. समोरच्याने इंटिमिडेट लावून तुझा अटॅक पाडला, बर्न केलं, तरी निम्मा म्हणजे निम्मा. दुबळ्या पोकेमॉनला असलेच मुव्ह शोधायचे, ज्यांना अंगातली ताकद लागतच नाही. दुसरा नझल, डॅमेज किरकोळ पण लागला की पॅरालिसिस नक्की (ग्राउंड आणि इलेक्ट्रिक टाइपवर चालत नाही, हे विसरून मी किती टर्न फुकट घालवलेत ते विचारू नको). चौथ्या जागी त्या टर्नचे फटके अडवणारा प्रोटेक्ट ठेव, आणि हातात एचपी भरून देणारी सिट्रस बेरी.

तिसरा राहिला फॉलो मी, म्हणजे जोडीदारावर येणारा फटका स्वतःवर ओढून घेणारा मुव्ह, आणि खरा खेळ यातच आहे, कारण इथे दोघांचेही दोन-दोन पोकेमॉन एकदम मैदानात असतात. समज, तुझ्याकडे मैदानात ग्याराडोस आणि पचिरिसू उभे आहेत, समोर इलेक्ट्रिकवाला रोटम-वॉश आणि आणखी कोणीतरी. ग्याराडोस वॉटर-फ्लाइंग, इलेक्ट्रिक लागलं की चौपट, म्हणजे रोटमवाला थंडरबोल्ट दाबणार हे उघड आहे. तू पचिरिसूने फॉलो मी केलंस, तो थंडरबोल्ट वळून पचिरिसूवर आला, आणि त्याची अॅबिलिटी (अंगचा गुण) व्होल्ट अॅब्झॉर्ब असल्यामुळे मार बसायच्या ऐवजी त्याचाच पाव एचपी भरला. तेवढ्या टर्नमध्ये ग्याराडोसने निवांत ड्रॅगन डान्स करून अटॅक आणि स्पीड वाढवून घेतला. समोरच्याचा टर्न वाया, तुझा एक पोकेमॉन ताजातवाना आणि दुसरा डोक्यावर बसायला तयार. पुढच्या टर्नला पचिरिसू मेला तरी रडायचं नाही, त्याचं काम झालेलं असतं.

अर्थात समोरचाही काही झोपलेला नसतो. रॉक स्लाइड, हीट वेव्ह, अर्थक्वेक असे दोघांनाही लागणारे मुव्ह फॉलो मीने वळत नाहीत. आणि फेक आउट, जो लागला की त्या टर्नला काहीच करता येत नाही, तो फॉलो मीच्याही आधी होतो, तेव्हा समोर फेक आउटवाला दिसला की त्या टर्नला प्रोटेक्ट, हावरटपणा नको.

आणखी एक गोष्ट, जी मला कळायला फार उशीर झाला. या फॉरमॅटमध्ये सहा आणतो आणि चार खेळवतो, आणि सुरू व्हायच्या आधी दोघांनाही एकमेकांचे सहाही दिसतात. तुझ्या सहात पचिरिसू दिसला की समोरचा आपला इलेक्ट्रिक अटॅकर बाहेर काढायला दहा वेळा विचार करतो, कधीकधी घरीच ठेवतो. म्हणजे पचिरिसूला तू खेळवलंच नाहीस तरी तुझ्या ग्याराडोसचं भलं झालेलं असतं. पार्कच्या टीममध्येही ग्याराडोस आणि टॅलनफ्लेम होते, दोघेही इलेक्ट्रिकला घाबरणारे, आणि म्हणूनच तिथे पचिरिसू शोभला. मी त्या काळात ती टीम जशीच्या तशी उचलून आणली, मॅच कुठलीही असो पचिरिसूला पहिल्या जोडीतच उतरवायचो, आणि समोर एकही इलेक्ट्रिक नसलेल्या टीमकडून रीतसर मार खायचो. समोर इलेक्ट्रिक नसेल तर बसव ना त्याला बाहेर!

तेव्हा तुझ्या टीममधले बाकीचे पाच कोण आहेत ते बघ. त्यात इलेक्ट्रिकला घाबरणारा एकही तगडा अटॅकर नसेल तर मात्र मित्रांचं बरोबर आहे, कारण नुसतं लक्ष वेधून घ्यायचं काम अमूंगस जास्त चांगलं करतो, आणि वर स्पोरने झोपवतोही.

प्रश्न: पोकेमॉन दुबळा आहे हे त्याच्या सगळ्या बेस स्टॅट्सची (अटॅक, डिफेन्स, स्पीड वगैरे मूळ आकड्यांची) बेरीज बघून ठरवायचं का?

उत्तर: बेरजेवर गेलास की फसलास. स्लेकिंगची बेरीज ६७०, गार्चॉम्पची ६००, पण स्लेकिंगच्या ट्रुअंट अॅबिलिटीमुळे तो एक टर्न काम करतो आणि एक टर्न लोळतो, आणि समोरचा नेमका त्याच टर्नला आपलं काम उरकतो. उलट अझुमरिलचा अटॅक फक्त ५०, बघून कोणी ढुंकूनही बघणार नाही, पण ह्यूज पॉवरने तो अटॅक दुप्पट होतो आणि मग समोरच्याची तंतरते. शकलचं तर वेगळंच: डिफेन्स २३०, स्पेशल डिफेन्सही २३०, आणि अटॅक १०, स्पीड ५. बेरीज ५०५ येते, पण ती बेरीज तुला काहीही सांगत नाही. तो समोरून मैदानात येणाऱ्यांचा स्पीड पाडणारं स्टिकी वेब टाकून जातो तेवढंच, आणि तेवढंच पुरतं. आधी अॅबिलिटी वाच, मग मुव्हची यादी, आणि बेरीज अगदीच वेळ उरला तर.

प्रश्न: लेव्हल १ च्या रॅटाटाने लेव्हल १०० चा पोकेमॉन मारता येतो म्हणे. मी रँक मॅचमध्ये करून बघितलं, जमलं नाही. माझं काय चुकलं?

उत्तर: तुझं काही चुकलं नाही, रँक मॅचमध्ये ते जमणारच नाही, कारण अलीकडच्या गेममध्ये तिथे सगळ्यांची लेव्हल ५० करून टाकतात, मग तुझा लेव्हल १ चा हिशोबच उरत नाही. बाकी युक्ती मात्र झकास आहे. फोकस सॅश दिलेला असतो, एचपी फुल असताना कितीही मोठा फटका बसला तरी १ एचपीवर तो टिकतो. मग एंडेव्हर, ज्याने समोरच्याचा एचपी तुझ्याएवढा होतो, म्हणजे १. पुढच्या टर्नला क्विक अटॅक आधी जातो आणि खेळ खल्लास. एरवी बारा एचपीसुद्धा पार न करणारा उंदीर, आणि समोर ड्रॅगन आडवा! मित्रांबरोबर लेव्हलचं बंधन काढून खेळलात तर कर, मजा येते. फक्त समोर घोस्ट आला की एंडेव्हर आणि क्विक अटॅक दोन्ही त्याच्या आरपार जातात, स्टेल्थ रॉक टाकलेले असले की मैदानात पाय ठेवतानाच खरचटतं आणि सॅश बाद, सँडस्टॉर्म असेल तर १ एचपीवर तो टर्नच्या शेवटी मरतो. समोरच्याने लेफ्टओव्हर्स धरले असतील तर तोही तेवढ्यात थोडा भरतो आणि क्विक अटॅक कमी पडतो. म्हणजे ही युक्ती एकदाच चालते, दुसऱ्यांदा तोच मित्र तयार होऊन येतो.

प्रश्न: मॅजिकार्पला ग्याराडोस न करता शेवटपर्यंत खेळवता येईल का?

उत्तर: येईल की, कोण अडवतंय. अटॅक १० आहे, सगळं पणाला लावलंस तर लेव्हल ५० ला ६८ होतो, स्पीड मात्र बरा आहे आणि पावसात स्विफ्ट स्विमने दुप्पट होतो, म्हणजे तू सगळ्यात आधी जाऊन सगळ्यात हलका फटका मारशील. १ एचपी उरल्यावर फ्लेलची पॉवर २०० होते, तेवढा एक चमत्कार हातात आहे, पण त्यासाठी आधी १ एचपीवर जिवंत राहायला हवं, म्हणजे पुन्हा फोकस सॅश आलाच. हे सगळं करूनही समोर एखादा स्टील किंवा रॉक टाइप उभा असेल तर त्याला गुदगुल्याच होतील. अरे, तो लेव्हल २० ला स्वतःहून ग्याराडोस व्हायला निघतो, तेव्हा तू बी बटण दाबून त्याला का थांबवतोस?